नीटचा निकाल, बाप्तिस्म्याचा दाखला आणि खरे उत्तर

नीटचा निकाल लागला की आमच्या पॅरिश ऑफिसात माणसे दोन गोष्टींसाठी येतात. एक बाप्तिस्म्याचा दाखला, आणि दुसरा एक प्रश्न: "पोरीला मेडिकलला सीट मिळेल का हो?" दाखला काढायला दहा मिनिटे पुरतात, नोंदवही जुनी असली तर अर्धा तास. प्रश्नाचे उत्तर मात्र ऑफिसाच्या पायरीवर बसलेले कुणीही एका दमात देऊन टाकते. "मिळणार, नक्की मिळणार! देव आहे ना!"

हे उत्तर प्रेमाने दिले जाते, याबद्दल शंका नाही. पण ते खोटे आहे, आणि मुलांच्या बाबतीत खोटे बोलण्याची सवय मंडळीने सोडावी असे आम्हांला वाटते.

आधी आकडे पाहू. 2025 मध्ये नीटला 22 लाखांहून अधिक मुले बसली. त्यातली 12 लाख 36 हजारांच्या आसपास 'पात्र' ठरली. देशात एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाख, त्यातल्या निम्म्याच काय त्या सरकारी, म्हणजे आपल्या घरांना परवडणाऱ्या. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा मुलांपैकी जेमतेम एकाला जागा. त्या वर्षी खुल्या गटातून पात्र ठरायला 720 पैकी 144 गुण पुरत होते. घरी निकालाचा कागद येतो, त्यावर 'क्वालिफाइड' लिहिलेले असते, आई पेढे वाटते, मिस्सेनंतर अभिनंदनाची घोषणा होते. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की तुम्हांला रांगेत उभे राहता येईल. रांग कुठवर पोचते हे त्यात लिहिलेले नसते.

दुसरी गफलत गुणांची. "शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी इतक्या मार्कांवर मिळाली, मग आमच्याला का नाही?" 2024 मध्ये सुधारित निकालानंतर 720 पैकी 720 मिळवणारी 17 मुले होती. पुढच्याच वर्षी देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 होते. पेपर कठीण निघाला की तेच गुण फार वर जातात, सोपा निघाला की खाली. म्हणून गुण बाजूला ठेवून रँक पाहावी. गेल्या तीन वर्षांत त्या त्या कॉलेजात शेवटची सीट कोणत्या रँकला गेली, हे काउन्सेलिंगचे तक्ते सांगतात. ते सर्वांसाठी खुले असतात. पहिल्या फेरीचा आकडा आणि शेवटच्या फेरीचा आकडा यांत पुष्कळ अंतर असते, दोन्ही पाहावेत.

आणि आपला रकाना कोणता ते आधी ठरवावे. इथे सीमाभागात यावरच निम्मा घोळ होतो. कर्नाटकात ख्रिस्ती समाज 3बी प्रवर्गात येतो, आणि अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेली कुटुंबे प्रवर्ग 1 मध्ये. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांना अनुसूचित जातीचा रकाना मिळत नाही. हा अन्याय आहे असे आम्ही मानतो, पण फॉर्म भरताना तो गृहीत धरूनच चालावे लागते. शिवाय सरकारी कॉलेजांतल्या 85 टक्के जागा त्या त्या राज्याच्या मुलांच्या असतात. कर्नाटकाच्या रांगेसाठी राज्यात सात वर्षे शिकल्याची अट मुख्य. महाराष्ट्र सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही तिथली मागतो. बेळगावात दहावी करून चांगल्या क्लाससाठी अकरावीला कोल्हापूर गाठणाऱ्या मुलाने तिकडची रांग आपोआप मिळवलेली नसते, आणि इकडची हातची जाते की काय तेही माहितीपत्रक वाचूनच कळते. सीमाभागातील 865 गावांतल्या मराठी भाषक मुलांसाठी महाराष्ट्राची वेगळी तरतूद आहे खरी, पण त्या जागा मोजक्या. हे सगळे अकरावीच्या प्रवेशाआधी पाहायचे असते. निकालानंतर पाहून उपयोग नाही.

आता दाखल्याकडे येऊ. बेंगळुरूचे सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज भारताच्या कॅथॉलिक बिशप परिषदेने 1963 मध्ये सुरू केले. तिथे कॅथॉलिक मुलांसाठी जागा आहेत, आणि शिक्षणानंतर ग्रामीण भागात सेवा करण्याचा करारही आहे. वेल्लोरच्या सीएमसीत ख्रिस्ती मंडळ्या-संस्थांनी पुरस्कृत केलेल्या उमेदवारांची जुनी पद्धत आहे. यावरून आपल्याकडे एक समज पसरला आहे की फादरांचे पत्र आणि बिशपांचा शब्द असला की काम झाले. तसे नाही. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोरच्याच प्रकरणात स्पष्ट केले की अल्पसंख्याक संस्थांनाही नीट लागू आहे. बाप्तिस्म्याचा दाखला मुलाला छोट्या रांगेत उभे करतो. त्या रांगेतही रँकच चालते, आणि तिथे केरळपासून ईशान्येपर्यंतची आपलीच हुशार मुले उभी असतात. फादरांना पत्रासाठी अडचणीत आणणे, "तुम्ही मनावर घेतले नाही" म्हणून पुढे वर्षभर त्यांच्याशी न बोलणे, हे प्रकार बंद झाले तर बरे.

मग मुलाला सांगायचे काय? आमच्या मते तीन याद्या कराव्यात. गेल्या तीनही वर्षांत ज्या कॉलेजांची शेवटची रँक मुलाच्या अपेक्षित रँकच्या बरीच पुढे गेली, ती पहिल्या यादीत. कधी आत, कधी बाहेर, ती दुसरीत. तिन्ही वर्षे बाहेर राहिलेली तिसरीत. अपेक्षित रँक सराव परीक्षांवरून धरावी, आणि तीही सगळ्यांत चांगल्या पेपरावरून धरू नये, शेवटच्या पाच-सहांची सरासरी घ्यावी. पहिली यादी रिकामी असेल तर ते डिसेंबरातच मुलाशी बोलावे. तेव्हा नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएस्सी यांचे अर्ज भरायला वेळ असतो. लूकच्या शुभवर्तमानात, 14 व्या अध्यायात, बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. प्रभू ते शिष्यत्वाविषयी सांगतो हे आम्हांला ठाऊक आहे. पण हिशेब करणारा माणूस त्याने थट्टेसाठी निवडलेला नाही. हसू होते ते हिशेब न करणाऱ्याचे.

काही जण म्हणतील, असे आकडे मांडणे म्हणजे श्रद्धा कमी. परीक्षेआधीच्या रविवारी वेदीसमोर हॉलतिकिटांना आशीर्वाद दिला जातो, वेलंकणी मातेची नोव्हेना होते. ते सगळे चालू राहावे. प्रार्थना मुलाला शांत ठेवते, झोप देते, आपण एकटे नाही ही जाणीव देते. पण "नोव्हेना केली की सीट मिळते" असे जे मूल ऐकते, ते सीट न मिळाल्यावर काय समजेल? आमच्या धर्मग्रामातली एक मुलगी तिसऱ्या प्रयत्नानंतर गायकवृंदात यायची बंद झाली. नीटला किती वेळा बसावे यावर मर्यादा नाही, म्हणून घरच्यांनी तीन वर्षे थांबवले, वडिलांनी शेताचा तुकडा विकला. तिच्या आईला वाटते पोर आळशी झाली. मुलगी एवढेच म्हणते की देवाला मी नको होते. पहिल्याच वर्षी तिच्यासमोर तक्ता ठेवून कुणी बोलले असते, तर निदान हे वाक्य तिच्या तोंडी आले नसते.

प्रेषितांच्या कृत्यांतला पहिला अध्याय या मुलांना वाचून दाखवावा. यहूदाची जागा रिकामी आहे. उमेदवार दोन, योसेफ बर्सबा आणि मत्थिया. दोघेही योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूबरोबर राहिलेले, दोघेही साक्षीदार, दोघेही पूर्ण पात्र. प्रार्थना होते, चिठ्ठ्या टाकल्या जातात, मत्थियाची निघते. योसेफात काही उणे होते असे एक अक्षरही तिथे लिहिलेले नाही. जागा एक होती, माणसे दोन. त्या रात्रीही तो त्यांच्यातच जेवला असेल, असे आम्हांला नेहमी वाटते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मत्थियावर बोलणे होते, बर्सबावर कधी होत नाही. नीटच्या वर्षी तरी व्हावे.

आणि डॉक्टर न होणे म्हणजे बुडणे नव्हे, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. मिरजेचे वानलेस इस्पितळ 1894 चे. तिथे आणि तशाच मिशन दवाखान्यांत परिचारिका झालेल्या आज्यांच्या पगारावर या भागातली किती ख्रिस्ती घरे शिकली! त्यांच्याच नाती आज नर्सिंगचे नाव काढले की नाक मुरडतात, हे मात्र गमतीचे आहे.

यंदा ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर आम्ही गेल्या तीन वर्षांचे तक्ते घेऊन बसणार आहोत. आई-वडिलांनीही यावे. ज्यांना दाखला लागणार आहे त्यांनी दहावीच्या मार्ककार्डाची झेरॉक्स आणावी. नोंदवहीत एक नाव आणि शाळेत दुसरे, असे आपल्याकडे सर्रास आहे. ते जुळवायला वेळ लागतो, आणि काउन्सेलिंगच्या आठवड्यात तो कुणाकडेच नसतो.