आधी हिशेब, मग बाजार

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराणा दुकानापुढे गर्दी असते आणि शेवटच्या आठवड्यात त्याच दुकानाच्या उधारीच्या वहीत नवी नावे चढतात. मिळकत कमी असते म्हणून महिना पुरत नाही, असे याचे कारण सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. सारख्याच मिळकतीच्या दोन कुटुंबांपैकी एकाचे डबे विसाव्या दिवशी रिकामे होतात, तर दुसऱ्या घरात साधे का होईना, पण पोटभर अन्न तिसाव्या दिवशीही शिजते. हा फरक बहुतेक वेळा बाजाराला निघण्यापूर्वी घरातच पडलेला असतो. किराण्याचे नियोजन हे एक कौशल्य आहे आणि इतर कोणत्याही कौशल्याप्रमाणे ते शिकता येते.

स्वयंपाकघर हिशेबाने चालवण्याची रीत आजच्या महागाईने शिकवलेली नाही. तमिळनाडूतील तंजावूर शहरात तिचा हजार वर्षांपूर्वीचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. चोळ राजा राजराज याने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. या मंदिरावरील तमिळ शिलालेखांत दानांची नोंद आहे. राजाची थोरली बहीण कुंदवै हिने देवमूर्तींच्या नैवेद्यासाठी दिलेली रक्कम गावांना व्याजाने देण्यात आली. मुद्दल कायम ठेवायचे आणि व्याजातून रोजचा खर्च चालवायचा, अशी ती व्यवस्था होती. व्याजाचा दर वर्षाला शेकडा साडेबारा होता. नैवेद्याला रोज तांदूळ किती, तूप किती, डाळ, मिरी, मोहरी, मीठ आणि दही किती, हे शिलालेखात मापासह सांगितले आहे. पाच मापे भात म्हणजे दोन मापे तांदूळ, हा हिशेबही त्यात धरलेला आहे. धान्य मोजण्याचे माप कोणते वापरावे, हेसुद्धा ठरवून दिलेले आहे. आधी गरज मोजली, मग तिला लागणारा पैसा ठरवला आणि शेवटी तो पैसा वर्षानुवर्षे कोठून येईल याची तजवीज केली. घरखर्चाच्या शास्त्रात आजही याहून वेगळे काही सांगितले जात नाही.

याच तंजावूरवर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजे भोसले यांनी मराठी राज्य स्थापन केले. ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात तेथे स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांच्या घरात आजही मराठी बोलली जाते. या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांनी १७९९ मध्ये इंग्रजांशी तह केला. त्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या वाट्याला ठरावीक नेमणूक व महसुलातील एक हिस्सा राहिला. तरीही प्रवाशांना व गरजूंना जेवू घालणारी छत्रे त्यांनी चालू ठेवली. १८०२ मध्ये ओरतनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. रोज कितीजण जेवायला येतील याचा अंदाज, कोठारातील धान्याची मोजदाद आणि जमाखर्चाची वही यांवाचून अशी छत्रे एक महिनाही चालली नसती. अन्नदानाची प्रेरणा मनातून येते. पण रोजची पंगत उठते ती कोठीच्या हिशेबावर. राजाच्या छत्राला जे लागू, ते चार माणसांच्या घरालाही लागू आहे.

घरच्या नियोजनाला तीन प्रश्न पुरतात. घरात काय शिल्लक आहे? पुढच्या काळात किती लागेल? ते कोठून आणि केव्हा घ्यावे? यांतील पहिल्या प्रश्नाकडेच बहुधा दुर्लक्ष होते. डब्याच्या तळाशी पावकिलो मूगडाळ असताना नवी डाळ आणली जाते आणि जुनीला कीड लागते. म्हणून यादी करायला बसण्यापूर्वी प्रत्येक डबा उघडून पाहिला पाहिजे. संपलेली वस्तू त्याच वेळी कागदावर टिपून ठेवण्याची सवय लागली, तर हे काम आणखी सोपे होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा मोजून द्यावे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला सुमारे दोन हजार कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी साधारण २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम कडधान्ये व डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध असा आहार सुचवला आहे. या मापाने चार माणसांच्या घरात महिन्याला ३० किलो धान्य आणि दहा किलोंहून थोडी अधिक डाळ लागेल. मुले लहान असतील, किंवा घरात अंडी व मासे खाल्ले जात असतील, तर डाळीचा आकडा खाली येईल. परंतु आकडा समोर असला की विचाराला दिशा मिळते.

तंजावूरच्या कुटुंबाच्या बाबतीत हा हिशेब एक महत्त्वाची गोष्ट दाखवून देतो. तमिळनाडूत जून २०११ पासून शिधापत्रिकेवर तांदूळ विनामूल्य देण्याची योजना सुरू झाली. तिच्यानुसार चौघांच्या कुटुंबाला महिन्याला साधारण २० किलोपर्यंत तांदूळ मिळतो. म्हणजे धान्याची दोनतृतीयांश गरज रेशनच्या दुकानातच भागते. २००७ मध्ये सुरू झालेल्या विशेष योजनेतून तूरडाळ ३० रुपये किलो आणि पामतेल २५ रुपये लिटर या दराने अनेक वर्षे मिळत आले आहे. पण डाळीचे प्रमाण कार्डामागे महिन्याला एक किलो आहे. लागणाऱ्या डाळीचा तो जेमतेम दहावा भाग होतो. तेव्हा तांदळावर वाचलेला पैसा कोठे जावा, याचे उत्तर आकड्यांनीच दिले आहे. तो डाळीकडे, भाजीकडे आणि दुधाकडे गेला पाहिजे. प्रत्यक्षात तो पुष्कळदा बिस्किटांच्या, चिप्सच्या आणि गोड पेयांच्या पुड्या-बाटल्यांवर खर्च होतो. पोट भाताने भरते आणि अंगाला लागणारे अन्न मागे राहते. कमी पैशांतील नियोजनाची खरी कसोटी पैसे किती वाचले ही नसून, वाचलेल्या पैशांतून ताटात काय वाढले ही आहे.

तिसरा प्रश्न बाजाराचा. सर्व वस्तू एकाच दिवशी आणणे हे नियोजन नव्हे. तांदूळ, डाळी, मीठ, तेल, चिंच, सुक्या मिरच्या यांसारख्या टिकाऊ वस्तू महिन्यातून एकदा घ्याव्यात. कांदे, बटाटे, भोपळा, सुरण आठवड्यातून एकदा. पालेभाजी मात्र एक-दोन दिवसांपुरतीच. पिकाचा हंगामही ध्यानात असावा. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताचे मोठे पीक निघाले की त्याच जमिनीतील ओलीवर उडीद आणि मूग घेतले जातात. नवे कडधान्य बाजारात येते तेव्हा ते थोडे अधिक घेऊन, उन्हात वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवणारी गृहिणी पुढच्या भाववाढीची धास्ती बाळगत नाही. शेतकऱ्यांनी आपला माल थेट ग्राहकाला विकावा यासाठी तमिळनाडूत १९९९ मध्ये ‘उळवर संदै’ म्हणजे शेतकरी बाजार सुरू झाले. अशा बाजारात दिवसाचे भाव फळ्यावर लिहिलेले असतात. ते वाचून आणि दुकानातील भावाशी ताडून पाहण्याइतके अक्षरज्ञान व अंकज्ञान ज्याला आहे, त्याच्या हाती एक शस्त्रच आलेले असते.

जवळ पिकणारे आणि हंगामात स्वस्त असणारे अन्न कमी प्रतीचे असते, हा गैरसमजही सोडला पाहिजे. तंजावूरच्या परिसरात केळीचे पीक मोठे आहे. केळफूल आणि केळीचा गाभा यांची भाजी तेथील घरांत आवडीने केली जाते. शेवग्याचा पाला तर अनेकांच्या परसातच असतो. सांबाराविषयी तंजावूरमध्ये एक आख्यायिका सांगितली जाते. मराठी राजवाड्यात आमटीसाठी लागणारी आमसुले एकदा संपली, तेव्हा तेथे सहज मिळणारी चिंच घालून आमटी केली गेली आणि संभाजी महाराजांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले, असे म्हणतात. तिला इतिहासाचा भक्कम आधार नाही. तरीही तिच्यातील व्यवहार खरा आहे. यादीतील वस्तू महाग असेल, तर तिचे काम करणारी दुसरी वस्तू कोणती, हे ज्याला कळते त्याची यादी कधी अडत नाही.

खरेदीइतकेच महत्त्व शिजवण्याच्या नियोजनाला आहे. तंजावूरच्या घरांत तांदूळ-उडदाचे पीठ एकदा वाटले की दोन-तीन दिवस पुरते. पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी डोसा आणि पीठ आंबट झाले की कांदा घालून जाड उत्तप्पा होतो. एकदाच शिजवलेल्या डाळीतून सकाळी सांबार आणि संध्याकाळी साधे वरण करता येते. रात्री उरलेला भात पाण्यात भिजवून सकाळी ताक व कांद्याबरोबर खाण्याची तेथील कष्टकऱ्यांची पद्धत जुनी आहे. उन्हाळ्यात तमिळ घरांत वडाम आणि वत्तल वाळतात, तर मराठी घरांत सांडगे, पापड आणि कुरडया. भाजी महागते तेव्हा हेच वाळवण ताटाला आधार देते. आठवड्याचे जेवण आधी ठरवले, तर इंधन वाचते, अन्न वाया जात नाही आणि ‘आज काय करावे’ या रोजच्या विवंचनेतूनही सुटका होते.

असे असले तरी नियोजनाचा उपदेश करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. महिन्याचा किराणा एकदम भरण्यासाठी हाती एकरकमी पैसा असावा लागतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला संध्याकाळच्या मजुरीतून संध्याकाळचाच शिधा घ्यावा लागतो. समजा, १०० ग्रॅम डाळीची पुडी २० रुपयांना आणि तीच डाळ किलोला १६० रुपयांना मिळत असेल, तर पुडी घेणारा प्रत्येक किलोमागे ४० रुपये अधिक मोजतो. ज्याच्याजवळ कमी आहे त्यालाच जास्त द्यावे लागते, ही गरिबीची विटंबना आहे. अशा माणसाला ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे सांगणे सोपे आहे. पण अंथरूणच तोकडे असेल, तर पाय किती आखडायचे? त्याच्यासाठी रेशनचे दुकान वेळेवर उघडणे आणि तेथील वजन चोख असणे यांचे मोल कोणत्याही यादीहून अधिक आहे. बचत गटातील दहा कुटुंबांनी मिळून धान्याचे पोते घ्यावे आणि वाटून न्यावे, हाही मार्ग आहे. नियोजन हा व्यक्तीचा गुण आहे, तसेच ती समाजाची जबाबदारीही आहे.

दुसरी गोष्ट घरातीलच आहे. काटकसरीची कात्री बहुतेक घरांत प्रथम बाईच्या ताटावर चालते. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेल्या भातावर पातळ आमटी घेऊन ती उठते आणि महिना पुरल्याचे समाधान घर मानते. हा खरा हिशेब नव्हे. कारण त्यात एका माणसाची गरज मोजलेलीच नसते. २०१९ मधील राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. डबे तपासणे, भाव लक्षात ठेवणे, उद्याच्या जेवणाचा विचार करणे हे तर अनेकदा काम म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून यादी करताना घरातील सर्वांनी एकत्र बसावे. मुलांनी बेरीज करावी, पुरुषांनी भाव विचारून यावेत आणि ताटे मोजताना स्वयंपाक करणारीचे ताट पहिल्यांदा मोजावे.

काटकसर आणि कंजुषी यांतील भेद येथे स्पष्ट होतो. कंजूष माणूस ताटातील घास कमी करून पैसा राखतो. काटकसरी माणूस नासाडी टाळतो, पुडीचा जादा दर वाचवतो आणि तो पैसा पुन्हा ताटातच घालतो. एक वही, एक पेन्सिल आणि आठवड्यातून अर्धा तास एवढेच भांडवल त्याला लागते. ज्या घरात ही वही सुरू होते, त्या घराची मिळकत लगेच वाढत नाही; परंतु महिन्याच्या अखेरीस मुलांच्या भातावर डाळ पडते की नाही, याचा निर्णय उधारीच्या वहीकडून निघून त्या घराच्या हाती येतो.