तुमच्या हाताची घडणावळ किती?

सोन्याच्या दुकानाचं बिल कधी नीट वाचलंय? जळगाव म्हणजे सुवर्णनगरी. आपल्याकडे बहुतेक घरांत असं एखादं बिल कपाटात जपून ठेवलेलं असतंच. काढा आणि बघा. वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव आणि मग वेगळी लिहिलेली घडणावळ. ‘सोन्याचे पैसे घ्या, घडवायचे कसले?’ असं कुणी सराफाला विचारत नाही. तोच दागिना उद्या मोडायला नेला तर घडणावळ परत मिळणार नाही, हेही सगळ्यांना माहीत असतं. घासाघीस होते, थोडंफार कमी करून घेतलं जातं. पण घडणावळ द्यायची असते, याबद्दल वाद नसतो.

आता याच जिल्ह्यात, यावलसारख्या गावात, एखादी मुलगी घरी बसून मण्यांचा सेट करते. साडीच्या काठाला जुळणारे मणी शोधते, तंगूस ओवते, पकडीनं एकेक कडी बंद करते, डूल तयार करते. किंमत सांगते २५० रुपये. आणि समोरून हमखास येणारं वाक्य काय? ‘एवढ्याशा मण्यांचे एवढे पैसे?’

मी यावलमध्ये घरातूनच दागिने करते, त्यामुळे हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. पण तक्रार करायला हे लिहीत नाहीये. तुमच्यापैकी अनेक जणी, आणि काही जणही, कॉलेज करता करता हेच काम करताहेत. नवरात्र आलं की गरब्याचे सेट, लग्नसराईत हळदीचे फुलांचे दागिने, श्रावणात राख्या. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला फोटो टाकायचा आणि ऑर्डर घ्यायची. त्या सगळ्यांना मला एकच गोष्ट सांगायची आहे: किमतीत घडणावळ धरा, आणि ती वेगळी लिहून दाखवा.

मराठीला हा हिशेब नवा नाही

आपल्या भाषेत हाताच्या कामाच्या मोबदल्यासाठी खास शब्द आहेत. दागिन्याची घडणावळ, कपड्याची शिवणावळ, पिठाची दळणावळ. गहू तुमचे असतात, गिरणीवाल्याला दळण्याचे पैसे देता. ब्लाउजचं कापड आणि अस्तरही तुमचंच असतं, शिलाईचे पैसे वेगळे देता. मंगळसूत्र गाठवून देणाऱ्या पटव्याचं उदाहरण तर अगदी जवळचं. सोनं तुमचं, काळे मणी तुमचे. तो पैसे घेतो ते गाठीचे. कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. तिथं हा धंदा घराघरांत चालतो, आणि चांदीचा हिशेब वेगळा, मजुरीचा वेगळा.

म्हणजे घरात केलेल्या कामाला मजुरी नसते, असं आपल्याकडे कधीच नव्हतं. मग मण्यांच्या सेटलाच काय होतं? मणी स्वस्त असतात, एवढंच. सोन्याच्या दागिन्यात माल महाग असतो, म्हणून मजुरी त्यापुढे छोटी वाटते. आपल्या कामात उलटं असतं. माल थोड्या पैशांचा आणि वेळ मोठा. ग्राहकाला माल दिसतो, वेळ दिसत नाही. तो दाखवला नाही तर कुणी का मोजेल?

एकदा कागदावर मांडा

समजा, गळ्यातलं आणि कानातलं असा एक सेट आहे. मणी, तार, कड्या, हुक मिळून ९० रुपये. डबी आणि पाकीट १५ रुपये. तुटलेले मणी, वाकडी झालेली तार, फुकट गेलेला माल १० रुपये. झाले ११५. आता वेळ. करायला ३ तास लागले. फोटो काढणं, ‘यात दुसरा रंग आहे का?’ याला सात वेळा उत्तर देणं, पॅकिंग, पोस्टात जाणं, यात आणखी १ तास. तासाला फक्त ५० रुपये धरले तरी ४ तासांचे २०० होतात. म्हणजे ३१५ रुपयांना तो सेट तुम्हाला पडला. यात नफा नाही, आणि भुसावळपर्यंतचं बसभाडंही नाही.

आता हाच सेट ‘जाऊ दे, ओळखीची आहे’ म्हणून १८० ला दिला. मालाचे ११५ वजा करा. उरले ६५ रुपये. चार तासांचे ६५, म्हणजे तासाला सव्वासोळा रुपये. एवढ्या पैशांत तुमच्या गावात कुणी तुमचं कुठलंही काम चार तास करेल का, विचारून बघा.

हा हिशेब बहुतेक जणी करतच नाहीत. हातात १८० आले की १८० कमावले असं वाटतं. महिन्याच्या शेवटी मणी आणायला पैसे नसतात, मग घरून मागायचे. आणि घरचे म्हणतात, ‘बघ, यात काही पडत नाही, टाइमपास आहे नुसता.’ हिशेब नसेल तर त्यांना उत्तर कुठल्या तोंडानं देणार?

घरात असणं म्हणजे मोकळं असणं नाही

हा ‘टाइमपास’ शब्दच खरा अडचणीचा आहे. शेजारचा मुलगा घरात बसून लॅपटॉपवर काम करत असला की घरात सगळे हळू बोलतात. मुलगी मणी ओवत बसली असली की दारावरची बेल तिनंच उघडायची, पाहुण्यांचा चहा तिनंच टाकायचा, गॅसवरच्या दुधाकडेही तिनंच बघायचं. कारण काय, तर ती घरीच असते.

याचं मोजमापही झालेलं आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. जवळजवळ पाच तास आणि दीड तासाच्या आसपास. घरातून धंदा करणाऱ्या मुलीचे तीन तास या पाच तासांच्या फटींमधून काढलेले असतात. रेझिनचं काम करणारी असेल तर विचारूच नका. रेझिन आणि हार्डनर एकदा मिसळलं की ते थांबत नाही, साच्यात ओतावंच लागतं. नेमकी तेव्हाच हाक येते.

जगातही हा प्रश्न जुना आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरून काम करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये करार क्रमांक १७७ केला. घरी बसून मजुरी करणाऱ्याला इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, हा त्याचा गाभा. भारतानं त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही. आपल्याकडची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत सोनार आहेत, शिंपी आहेत, हार करणारेही आहेत. मण्यांचे दागिने करणाऱ्यांचं नाव त्या यादीत नाही. सरकारी यादीत नसलो म्हणून आपलं काम काम नाही, असं होत नाही. पण मग ते काम आहे हे आपल्या कागदावर तरी दिसायला हवं.

ॲपवर तर ९९ ला मिळतं!

हा पुढचा प्रश्न. मिळतं, खरंच मिळतं. यंत्रावर हजारोंनी निघालेला सेट शंभराच्या आत घरपोच येतो. त्याच्याशी किमतीत भांडू नका. हरणार आहात.

आपल्या गावाचीच गोष्ट आहे. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये यावलची ओळख हातानं केलेला देशी कागद आणि नीळ यांसाठी आहे. पुढं कागद गिरण्यांत निघू लागला. १८९७ मध्ये जर्मनीत कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आली. स्वस्तपणाच्या शर्यतीत हात यंत्राला मागे टाकू शकत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आताही आहे.

मग आपण काय विकतो? ॲपवाला विचारत नाही ते आपण विचारतो. साडी कुठल्या रंगाची आहे, गळा मोठा आहे की लहान, कान जड डूल पेलतो का, कातडीला धातू चालतो का. ‘जर्मन सिल्व्हर’ असं नाव असलं तरी त्यात चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि निकेलनं काहींच्या कानाला खाज सुटते, चट्टे येतात. हे सांगणारा माणूस ९९ रुपयांत मिळत नाही. आखाजीला माहेरी आलेल्या ताईला आईच्या जुन्या माळेतले मणी घालून नवं काही हवं असतं. दोर तुटला तर परत ओवून हवा असतो. हे सगळं घडणावळीत येतं, म्हणून ती मागायला लाजू नका.

पण एक अट आहे. घडण असेल तरच घडणावळ. मुंबईच्या भुलेश्वरमधून किंवा सुरतेहून तयार सेट आणायचे, पाकीट बदलायचं आणि वर ‘हँडमेड’ लिहायचं, हे चालणार नाही. आणून विकणं हाही चांगला व्यापार आहे, त्यात लाज काहीच नाही. फक्त तसं सांगा. एकीनं तयार माल हातचा म्हणून विकला की पुढच्या दहा जणींच्या घडणावळीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

आणि जे विकत घेतात त्यांच्यासाठी

आता तुमच्यापैकी जे फक्त घेणारे आहेत त्यांच्याशी बोलते. ‘मैत्रीण आहेस ना, मग कसले पैसे?’ हे वाक्य कृपा करून बंद करा. मैत्रीण आहे म्हणूनच तिला पहिले पूर्ण पैसे तुम्ही द्यायचे. अनोळखी माणूस पैसे देतो आणि जवळचे फुकट नेतात, यात कुठली आली मैत्री? महाग वाटलं तर घेऊ नका, तो तुमचा हक्क आहे. साधा सेट मागा, मणी कमी करायला सांगा, मग वेळही कमी लागेल. पण तिच्या तीन तासांची किंमत शून्य धरून भाव करू नका. आणि स्टेटसवरचा फोटो उचलून दुसरीकडे ‘सेम असंच स्वस्तात करून दे’ म्हणून पाठवू नका. ती नक्षी सुचायलाही वेळ लागलेला असतो.

मला हेही ऐकवलं जातं की घडणावळ लावली तर ऑर्डरी कमी होतील. होतील. काही लोक जातील. तासाला सव्वासोळा रुपये देणारे ग्राहक गेले तर तेवढे तास परीक्षेच्या अभ्यासाला मिळतील, हा तोटा आहे का? आणि पूर्ण किंमत लावूनही महिनोन् महिने कुणीच घेत नसेल, तर तोही एक निरोपच आहे. नक्षी बदला, माल बदला, हात वेगवान करा. पण हे कळण्यासाठीसुद्धा आधी खरी किंमत लावावी लागते. कमी भावात विकत राहिलं की धंदा चालतोय की आपण नुसतेच राबतोय, हे कळतच नाही.

सुरुवात छोटी करा. एक वही घ्या, प्रत्येक तुकड्यापुढे तास लिहा. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती ऑनलाइन होते, आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. फी मागणाऱ्या साइटपासून लांब राहा. वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर एरवी जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना ठरावीक अटींवर, जीएसटी नोंदणी नसतानाही, आपल्या राज्यातल्या राज्यात ऑनलाइन बाजारपेठांमधून माल विकता येतो. म्हणजे यावलला रेल्वे नसली तरी तुमचा सेट पुण्याला जाऊ शकतो.

आणि पुढची ऑर्डर देताना पाकिटात एक छोटी चिठ्ठी टाका. माल इतक्याचा, डबी इतक्याची, घडणावळ इतकी. खाली तुमची सही. ग्राहक ती वाचेल, कदाचित दोन प्रश्नही विचारेल. शांतपणे उत्तर द्या. त्या चिठ्ठीची दुसरी प्रत मात्र घरातल्या फ्रिजवर चिकटवा, सगळ्यांना दिसेल अशी. पुढच्या वेळी मणी ओवताना दारावरची बेल वाजली, तर दुसरं कुणीतरी उठेल.