नवा लॅपटॉप मागण्याआधी...

‘बाबा, लॅपटॉप चालत नाहीये, नवीन घ्यावा लागेल.’ सेमिस्टर सुरू झालं की हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येतं. मीही बोलून बसले होते. ताईकडून आलेला, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप. ऑन करून चहा करून आलं तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतच असायचं. दुकानदार म्हणाला, ‘यात आता राम नाही.’ बाबा काही बोलले नाहीत, पण हप्त्याचा हिशेब मांडायला बसले. ते बघून मला कसंतरीच झालं.

तुमचीही हीच गत असेल तर थोडं थांबा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. २०१८च्या आधीचे बरेच लॅपटॉप त्यात बसत नाहीत. म्हणजे मशीन धडधाकट असूनही भंगारात. नाहीतर कुणाकडून तरी क्रॅक कॉपी टाकून घ्यायची आणि व्हायरसला आमंत्रण द्यायचं.

तिसरा मार्ग आहे लिनक्सचा. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये याची सुरुवात केली, तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे. जुन्या लॅपटॉपसाठी ‘लिनक्स मिंट’ची एक्सएफसीई आवृत्ती बघा. २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असेल तर उत्तम. फुकट, आणि कायदेशीरसुद्धा.

करायचं काय? आधी सगळ्या फाइल्सचा बॅकअप घ्या. इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला की जुनं सगळं जातं, हे विसरू नका. मिंटची आयएसओ फाइल अधिकृत साइटवरून घ्या आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ‘रुफस’ने चढवा. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला की काहीही न पुसता मिंट वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, कॅमेरा चालतोय का ते तपासा. पटलं तरच पुढे जा. माझं वायफाय सुरुवातीला चाललंच नाही. फोन केबलने जोडून इंटरनेट घेतलं आणि ड्रायव्हर टाकला.

अडचणी आहेतच. फोटोशॉप, प्रीमियर यावर थेट चालत नाहीत. लिबरऑफिसमधली फाइल वर्डमध्ये उघडली की कधी कधी मांडणी हलते, म्हणून असाइनमेंट पीडीएफ करूनच पाठवा. तुमच्या कोर्सचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नसेल, तर उगाच हट्ट करू नका. पण नोट्स, प्रेझेंटेशन, ऑनलाइन लेक्चर, मराठी टायपिंग, कोडिंग एवढंच काम असेल, तर हे पुरेसं आहे.

आता थोडं कॉलेजांना. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकतायत. आपल्याकडे आयटीच्या मुलांनी वर्षातून एक शनिवार लॅब उघडून ज्युनिअर्सचे लॅपटॉप मार्गी लावले, तर काय बिघडतंय? लॅब आहे, नेट आहे, शिकवणारे सीनिअर्स आहेत. फक्त प्राचार्यांची परवानगी हवी. ती मागायला तुम्ही जा.

माझा लॅपटॉप अजून चालतोय. हा लेख त्याच्यावरच टाइप केलाय. आणि बाबांनी मांडलेला तो हप्ता सुरूच झाला नाही.