दुरुस्ती कोणाची करायची?

‘लोकशाहीची दुरुस्ती’ हा विषय सध्या विद्यापीठांच्या व्याख्यानमालांतून फार चालतो. असेच एक जाहीर व्याख्यान मी ऐकले. वक्ते विद्वान, भाषा गोड. म्हणणे असे की, आपला मतदार अजून घडलेला नाही. तो जात, धर्म, भावना पाहून मत देतो. तेव्हा दुरुस्ती करायची ती मतदाराची. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला हे म्हणणे साफ नामंजूर आहे.

अडाणी मतदाराची ओरड जुनीच. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. चिन्हे पाहून त्यांनी मते दिली, निवडणूक पार पडली. मोडले ते दुसरीकडे. सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच सांगितले आणि त्या यादीबाहेर राहिल्या.

ही यादी आम्हा शिक्षकांच्या चांगली ओळखीची. बीएलओ म्हणून ती घेऊन घरोघर आम्हालाच फिरावे लागते. एकच माणूस शाळेच्या दाखल्यावर महंमद, रेशनकार्डावर मोहम्मद आणि आधारवर ‘एमडी’ असतो. उर्दूत हे नाव एकाच रीतीने लिहितात. लिपी बदलली की एका माणसाचे तीन होतात. मग पुरावे मागितले जातात ते त्या माणसाकडे!

बिहारमध्ये २०२५ साली यादीची विशेष सखोल पडताळणी झाली. प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. मयत, स्थलांतरित, दुबार, असे आयोगाने सांगितले. असतीलही. पण कोणाचे नाव कोणत्या कारणाने गेले, हे जाहीर करा म्हणून १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. इथे बिघडले होते कोण?

आपल्या मुंबईचेच पाहा. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. पावणेचार वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार. पालिकेच्या शाळेचे छत गळते हे सांगायला नगरसेवकच नव्हता. मतदार तर जागेवरच होता.

आता थोडे आपल्या लोकांना. मोहल्ल्यात यादीची आठवण येते ती मतदानाच्या आदल्या रात्री. निकाहनंतर मुलीचे नाव माहेरच्या यादीतून निघते आणि सासरी नमुना ८ भरायला कोणाला सवड नसते. वलीम्याच्या दावतीला चारशे माणसे जमतात, हा एक कागद मात्र राहतो. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा लागतात, तिथेच नावनोंदणीच्या तारखा लावायला काय हरकत आहे?

विद्यापीठाने पुढचे व्याख्यान जरूर ठेवावे. फक्त सभागृहाच्या दाराशी एक टेबल टाकावे, नमुना ६ चे गठ्ठे ठेवावेत आणि आत जाणाऱ्या अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलीला विचारावे, तुझे नाव यादीत आहे का?