न येणाऱ्या पाहुण्याचं ताट

घरात लग्न आहे. केटररला उद्या संध्याकाळपर्यंत ताटांचा आकडा कळवायचाय. यादी जवळजवळ पक्की झालीय, फक्त एका नावापुढे प्रश्नचिन्ह आहे. धाकटा काका! फोन केला की म्हणतो, “बघतो गं, यंदा जरा निवांत राहायचंय.” येतो म्हणत नाही आणि येत नाही असंही म्हणत नाही. आता तुम्ही काय कराल? त्याचं ताट धरलं आणि तो आला नाही, तर पैसे वाया. नाही धरलं आणि तो ऐनवेळी दारात उभा राहिला, तर?

आता कल्पना करा, त्या एका ताटाची किंमत ५० लाख डॉलर आहे. आणि न येणारा पाहुणा म्हणजे ज्याच्या जिवावर तुम्ही ३९ वर्षांनी करंडक जिंकला, तोच माणूस आहे.

ही गोष्ट खरी आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन ब्रुइन्स या आइस हॉकी संघावर नेमकी हीच वेळ आली होती. हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आणि हिरवं मैदान आठवतं. पण ही बर्फावरची हॉकी. पायात स्केट्स, बॉलऐवजी रबराची चपटी चकती, जिला ‘पक’ म्हणतात, आणि जाळ्यासमोर अंगभर पॅड बांधून उभा असलेला गोलकीपर. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही या खेळातली जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा. खेळ माहीत नसला तरी काळजी करू नका. पेच घरातलाच आहे, तुम्हाला लगेच कळेल.

अंगठ्या विकून घडलेला गोलकीपर

आपल्या गोष्टीतल्या पाहुण्याचं नाव टिम थॉमस. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावचा मुलगा. घरची परिस्थिती बेताची. त्याला गोलकीपरच्या शिबिराला पाठवता यावं म्हणून आईवडिलांनी आपल्या लग्नाच्या अंगठ्या विकल्या होत्या.

एवढं करूनही यश पटकन मिळालं नाही. कॉलेज संपलं, मग फिनलंड, स्वीडन अशी भटकंती झाली. एनएचएलमध्ये त्याची जागा पक्की झाली तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता. इतर खेळाडू ज्या वयात निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात याची कारकीर्द सुरू झाली.

आणि मग २०११ साल आलं. स्टॅनले कपच्या अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना. प्रतिस्पर्धी व्हँकुव्हर, तोही त्यांच्याच घरच्या मैदानावर. थॉमसने ३७ फटके अडवले आणि एकही गोल होऊ दिला नाही. बोस्टन ४-० ने जिंकलं. १९७२ नंतर पहिल्यांदाच करंडक बोस्टनला आला. प्लेऑफ सामन्यांतला सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही थॉमसचीच निवड झाली. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

फेसबुकवरची एक पोस्ट

यानंतर जेमतेम वर्ष गेलं. जून २०१२ मध्ये थॉमसने फेसबुकवर लिहिलं की पुढचा सीझन तो खेळणार नाही. मित्र, कुटुंब आणि श्रद्धा, या तीन गोष्टींकडे आपलं दुर्लक्ष झालंय आणि आता त्यांना वेळ द्यायचाय, असं त्याचं म्हणणं होतं.

वाचायला किती छान वाटतं ना? पण एक अडचण होती. त्याचा करार संपला नव्हता, अजून एक वर्ष बाकी होतं. २००९ मध्ये त्याने चार वर्षांसाठी २ कोटी डॉलरचा करार केला होता, म्हणजे सरासरी वर्षाला ५० लाख डॉलर.

तुम्ही म्हणाल, खेळला नाही तर पगार नाही. मग संघाचे पैसे वाचलेच की! इथेच तर खरी गंमत आहे.

एनएचएलमध्ये प्रत्येक संघाने पगारावर किती खर्च करायचा याला वरची मर्यादा असते. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स ठरलेली असते ना, साधारण तसंच. त्या काळी ही मर्यादा सुमारे ७ कोटी डॉलर होती. आणि नियम असा होता की खेळाडूने वयाच्या ३५ व्या वर्षी किंवा त्यानंतर लागू होणारा असा अनेक वर्षांचा करार केला, तर तो मध्येच निवृत्त झाला तरी त्याचा आकडा संघाच्या हिशेबात धरला जाणार. संघांनी वयस्क खेळाडूंशी लांबलचक करार करून हिशेबात चलाखी करू नये, म्हणून केलेला हा नियम. थॉमसचा करार नेमका याच नियमात बसत होता.

म्हणजे खिशातून एक डॉलर जाणार नव्हता, पण पर्समधले ५० लाख अडकून पडणार होते. पाहुणा येणार नाही, तरी त्याचं ताट मोजलं जाणार!

संघासमोरचे चार रस्ते

संघाचे जनरल मॅनेजर होते पीटर शियारेली. त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

पहिला रस्ता, वाट बघायची. माणूस आहे, आज कंटाळलाय, चार महिन्यांनी मन बदलेल. पण वाट बघायची म्हणजे तोपर्यंत दुसऱ्या कुणाला पूर्ण भरवसा देता येत नाही.

दुसरा रस्ता, निलंबन. करार असूनही खेळाडू हजर होत नसेल तर संघ त्याला निलंबित करू शकतो, म्हणजे पगार थांबतो. आपल्याकडेही आता अशी शिस्त आलीय. आयपीएलमध्ये लिलावात विकला गेलेला खेळाडू दुखापत नसताना ऐनवेळी माघार घेत असेल, तर दोन वर्षांची बंदी. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर २०२५ मध्ये अशी बंदी आली. पण थॉमसच्या बाबतीत निलंबनाने पगार वाचणार होता, हिशेबातले ५० लाख सुटणार नव्हते.

तिसरा रस्ता, “हे वर्ष तू आमचं देणं लागतोस” असं म्हणायचं. याचं एक जुनं उदाहरण होतं. १९९९ मध्ये ओटावा सेनेटर्सचा कॅप्टन अलेक्सेई याशिन जास्त पगारासाठी अडून बसला आणि पूर्ण सीझन खेळला नाही. त्याच्या करारातही शेवटचं एकच वर्ष बाकी होतं. त्याचं म्हणणं, सीझन संपला, करार संपला, मी मोकळा. प्रकरण लवादाकडे गेलं. निकाल लागला की वर्ष कॅलेंडरवरून गेलं, करारातून नाही. ते तुला खेळूनच द्यावं लागेल! याशिन परत आला, एक सीझन खेळला आणि २००१ मध्ये ओटावाने त्याला न्यूयॉर्क आयलंडर्सला देऊन टाकलं. बदल्यात आलेल्यांमध्ये झ्देनो चारा नावाचा उंचापुरा बचावपटू होता. हाच चारा पुढे बोस्टनचा कॅप्टन झाला आणि २०११ चा करंडक त्यानेच पहिला उचलला. हॉकीचं जग किती लहान आहे बघा.

पण ज्याला खेळायचंच नाही, त्याच्याकडून पुढच्या वर्षी जबरदस्तीने खेळून घ्यायचं? तेही ३९ व्या वर्षी? गोलकीपर हा शेवटचा माणूस असतो. त्याचं मन जाग्यावर नसेल तर पुढचे सगळे कितीही चांगले खेळोत, उपयोग नाही.

चौथा रस्ता, त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकायचं. पण जो खेळणारच नाही, त्याला घेणार कोण?

रिकाम्या ताटालाही गिऱ्हाईक मिळालं

बोस्टनने काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी कोणत्याही एका रस्त्यावर सगळी भिस्त ठेवली नाही. राखीव गोलकीपर टुका रास्क बरीच वर्षं संधीची वाट बघत होता. त्याच्याशी त्यांनी लगेच करार केला आणि सांगितलं, आता जाळं तुझं. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे सीझनच जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाला. थॉमस आला नाही, तेव्हा त्याला निलंबित केलं.

आणि फेब्रुवारीत चक्क गिऱ्हाईक मिळालं! तेच न्यूयॉर्क आयलंडर्स, याशिनला घेणारे.

त्यांना न खेळणारा गोलकीपर कशाला हवा होता? कारण एनएचएलमध्ये खर्चाला वरची मर्यादा असते तशी खालचीही असते. अमुक रकमेपेक्षा कमी पगाराचा संघ चालत नाही. काही केटरर म्हणतात ना, किमान शंभर ताटांचे पैसे द्यावेच लागतील, तसंच. आयलंडर्सना आकडा भरून काढायचा होता. थॉमसचे ५० लाख हिशेबात दिसणार होते, पण तो निलंबित असल्याने पगार द्यावा लागणार नव्हता. कागदावर ताट भरलेलं, प्रत्यक्षात खर्च शून्य.

बोस्टनला बदल्यात मिळाली फक्त एक अट घातलेली ड्राफ्टमधली निवड. ती अट पूर्णच झाली नाही, त्यामुळे हातात काहीच आलं नाही. पण हिशेब मोकळा झाला. त्याच वर्षी रास्कने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलं. तिथे शिकागोकडून हार झाली खरी, पण ज्याच्याशिवाय आपलं कसं होणार म्हणून सगळे धास्तावले होते, त्याच्याशिवायही संघ उभा राहिला.

आयलंडर्सकडून थॉमस एकही सामना खेळला नाही. त्यांनी याशिनच्या वेळचा तो ‘वर्ष देणं लागतोस’ वाला हक्कही वापरला नाही. थॉमस मोकळा झाला.

थांबणंही बरोबर ठरू शकतं

म्हणजे न येणाऱ्याचं ताट काढून टाकावं, हाच धडा का? थांबा, आणखी एक संघ बघू.

कोलोरॅडो अॅव्हलांचचा कॅप्टन गॅब्रिएल लँडेस्कॉग. २०२१ मध्ये त्याने आठ वर्षांचा, ५ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. पुढच्याच वर्षी संघाने स्टॅनले कप जिंकला. आणि त्यानंतर गुडघ्याने त्याला जे बसवलं, ते बसवलंच. २०२३ मध्ये कूर्चेचं प्रत्यारोपण झालं. लीगचे पूर्ण तीन सीझन गेले, पण संघाने कॅप्टनपद दुसऱ्या कुणाला दिलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये, १०३२ दिवसांनी, तो बर्फावर उतरला. त्याच्या पुढच्याच सामन्यात त्याने गोल केला!

इथे फरक काय होता? दीर्घ दुखापतीसाठी नियमात संघाला सवलत मिळते, हे खरं. पण मुख्य गोष्ट म्हणजे लँडेस्कॉग कुठे आहे, काय करतोय, त्याला परत यायचंय की नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवट काय होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी त्याची इच्छा स्पष्ट होती. वाट बघायला तेवढा आधार पुरतो.

आणि थॉमस?

तो २०१३ मध्ये परत आला, फ्लोरिडाकडून आणि मग डॅलसकडून खेळला. डिसेंबर २०१३ मध्ये सराव करताना त्याच्या डोक्याला मार बसला. तो सीझन त्याचा शेवटचा ठरला. मग तो जणू गायबच झाला. बोस्टनच्या चाहत्यांपैकी अनेकांच्या मनात राग होताच, “आम्हाला सोडून गेला!”

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सन्मान झाला, तेव्हा तो पत्रकारांशी बोलला. त्या दुखापतीने मेंदूला इजा झाली होती. तपासणीत मेंदूच्या दोन तृतीयांश भागाला पाच टक्क्यांहूनही कमी रक्तपुरवठा होत असल्याचं दिसलं होतं, असं त्याने सांगितलं. कित्येक वर्षं त्याला कुणाशी नीट बोलताही येत नव्हतं. ही दुखापत २०१२ च्या सुट्टीनंतरची, दोन्हींची गल्लत करायला नको. पण त्या मधल्या वर्षांत तो दिसत नव्हता, तेव्हा लोकांनी त्याच्या गप्प राहण्याचे अर्थ आपापल्या मनानेच लावले होते.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट उमगते. करार नावाला धरून ठेवू शकतो, माणसाला नाही. ताटांचा हिशेब करावाच लागतो आणि तो वेळेत करावा. संघाने गोलकीपर शोधला, यात थॉमसचा अपमान नव्हता. दुसऱ्या दिवशी सामना होता आणि जाळं रिकामं ठेवता येत नाही. पण हिशेब एक आणि माणूस एक. पहिला मिटला म्हणून दुसऱ्याशी बोलणं बंद करायची गरज नसते.

तुमच्याही आसपास असं कुणीतरी असेल. लांब रजेवर गेलेली सहकारी, ग्रुपमध्ये असून कधीच उत्तर न देणारा मित्र, किंवा तो धाकटा काका. आज केटररला आकडा कळवून टाका. त्याचं ताट धरायचं की नाही, ते तुमच्या बजेटप्रमाणे ठरवा. आणि मग काकाला पुन्हा एक फोन करा. या वेळी लग्नाला येणार का, हे विचारूच नका. फक्त विचारा, “काका, कसा आहेस?”