आवळा, गूझबेरी आणि खोलीचे तापमान

मराठीत वाइनविषयी जे काही लिहिले जाते ते वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते : लिहिणाऱ्याची जीभ एका गावात असते आणि शब्द दुसऱ्या गावात. रविवारच्या पुरवणीतला जाणकार आपल्याला सांगतो की, सोव्हिन्यों ब्लां या वाइनला गूझबेरीचा गंध असतो. ही गूझबेरी त्याने खाल्लेली नसते, त्याच्या वाचकाने पाहिलेलीही नसते. जाणकार जरा अधिक मराठीप्रेमी असला तर तो शब्दकोश उघडतो, तेथे 'आवळा' हा प्रतिशब्द सापडतो, आणि आंधळ्या भाषांतराचा एक नमुनेदार अपघात घडतो. गूझबेरी हे युरोपातल्या एका काटेरी झुडपाचे आंबट फळ. आपल्या आवळ्याशी त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाते काहीही नाही. इंग्रजांनी आवळ्याला 'इंडियन गूझबेरी' म्हटले ते आपल्या घरच्या फळाच्या आठवणीने. आवळ्याचे वैशिष्ट्य त्याच्या तुरटपणात आणि नंतर प्यायलेल्या पाण्याला येणाऱ्या गोडीत आहे. सोव्हिन्यों ब्लांमध्ये तुरटपणा जवळजवळ नसतोच. म्हणजे या भाषांतरावर विसंबून घोट घेणारा वाचक, जे त्या पेल्यात नाही नेमके तेच शोधत बसणार, आणि सापडले नाही की दोष स्वतःच्या जिभेला देणार.

माझा मुद्दा या शेवटच्या वाक्यात आहे. मित्रमंडळी घरी जमून चार बाटल्या उघडतात, सोबत काय खावे याची चर्चा करतात, यात आक्षेपार्ह काही नाही; उलट चांगल्या संध्याकाळींपैकी ती एक असते. आक्षेप आहे तो त्या बैठकीत शिरणाऱ्या एका विशिष्ट शांततेला. पेला फिरवला जातो, नाक आत घातले जाते, आणि मग कोणीच काही बोलत नाही. कारण प्रत्येकाला वाटत असते की, योग्य शब्द कुठल्यातरी पुस्तकात लिहिलेले आहेत आणि ते आपल्याला ठाऊक नाहीत. साहित्याच्या वर्गात कविता वाचून झाल्यावर पसरणारी शांतता ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ती येथेही ओळखू येईल. दोन्हीकडे स्वतःच्या अनुभवावर अविश्वास आहे आणि दोन्हीकडे तो शिकवलेला आहे.

उसन्या नियमांचे काय होते, याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी' हे सूत्र आपल्याकडे श्रद्धेने सांगितले जाते. हे सूत्र जेथे जन्मले तेथील खोली म्हणजे मध्यवर्ती तापयंत्रणा येण्यापूर्वीच्या फ्रान्समधील दगडी घराची खोली. तिचे तापमान साधारण सोळा ते अठरा अंश. मे महिन्यात दादरच्या किंवा नागपूरच्या खोलीचे तापमान काय असते, हे सांगायला नको. बत्तीस अंशांवर रेड वाइनमधले अल्कोहोल नाकात शिरते, फळाचा गंध मागे पडतो, आणि उरते ते औषधी काढ्यासारखे काहीतरी. भाषांतर शब्दशः अचूक आहे. 'खोली' आणि 'तापमान' हे दोन्ही शब्द बरोबर आहेत. फक्त खोली बदलली आहे. फ्रीजमध्ये अर्धा तास बाटली ठेवणारा मनुष्य त्या सूत्राचा भंग करत नसून त्याचा अर्थ पाळत असतो. संहितेशी निष्ठा म्हणजे काय, हा प्रश्न भाषांतरमीमांसेच्या तासाला विचारायचा असेल तर याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

आता या प्रकरणातली खरी विसंगती पाहा. मराठी समीक्षेचे मूळ भांडवल कोणते? रस, रुची, आस्वाद, चर्वणा. हे सगळे शब्द स्वयंपाकघरातून आणि जिभेवरून आलेले आहेत. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरत रसाची उपपत्ती सांगू लागतो तेव्हा तो दृष्टान्त घेतो तो नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचा, आणि प्रसन्न चित्ताने जेवणाऱ्या माणसाचा. चर्वणा म्हणजे तर चक्क चावणे. हजार-दीड हजार वर्षे आपण हे शब्द काव्यासाठी वापरले, घासूनपुसून इतके अमूर्त केले की त्यांतला दात आणि लाळ दोन्ही नाहीशी झाली. आज जिभेलाच शब्दांची गरज पडते तेव्हा ते कोणाला परत मागावेत हे आपल्याला सुचत नाही. आपण बोर्दोकडे पाहतो. ज्या विद्यार्थ्याला रसनिष्पत्तीची चार मते पाठ आहेत त्याला समोरच्या पेल्यातली तुरट चव 'तुरट' म्हणायचा संकोच वाटतो. तो 'टॅनिक' म्हणतो.

टॅनिन हा शब्द घ्यायला माझी हरकत नाही. तो पदार्थाचे नाव आहे. द्राक्षाच्या सालीत, बीत आणि लाकडी पिंपात असतो, लाळेतील प्रथिनांशी बांधला जातो आणि तोंडाला कोरड पाडतो. पदार्थाचे नाव उसने घ्यावे; रेल्वे घेतली, टेबल घेतले. पण त्या पदार्थाने तोंडात जे घडते त्याला आपल्याकडे नाव आहे, तेही असे की, इंग्रजी बोलणाऱ्या सामान्य माणसापाशी त्याला रोजच्या वापरातला शब्द नाही. कच्चे केळे, सुपारी, जांभूळ, बिनदुधाचा कडक चहा यांतून प्रत्येक मराठी मूल तुरट म्हणजे काय हे शाळेत जाण्यापूर्वी शिकते. षड्रसांत कषायाला स्वतंत्र स्थान आहे. रेड वाइनचा कणाच ज्या संवेदनेचा आहे ती आपल्या भाषेत घरची असताना आपण तिच्यासाठी परका शब्द का शोधतो?

याचे एक कारण आपल्या वाङ्मयात आहे. मराठीत मद्याने दोनच भूमिका केल्या. एक, १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तली, जिथे प्याला हा विनाशाचा आरंभ असतो. दुसरी खय्यामची, जिथे प्याला हे क्षणभंगुरतेचे प्रतीक असते. (खय्यामच्या रुबाया मराठीत आणणारे माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले, ही आपल्या वाङ्मयेतिहासातली एक गंमत.) दोन्हीकडे प्यालातल्या द्रवाला चव नाही. सुधाकर जे पितो ते आंबट होते की कडू, याची कोणाला पर्वा आहे? नीती आणि प्रतीक यांच्यामध्ये जीभ कुठेच उभी राहिली नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीला मान्यता देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा उठलेला वादही 'वाइन म्हणजे दारू की नव्हे' या एकाच प्रश्नाभोवती फिरला. व्यसनाचा प्रश्न खोटा नाही. ज्या घरात तो शिरला आहे त्या घराला चवीच्या गप्पा क्रूर वाटतील, आणि ते रास्त आहे. तथापि, न पिणाऱ्याचा विरोध आणि पिणाऱ्याची पोपटपंची यांत एक साम्य आहे : पेल्यात काय आहे याकडे दोघेही पाहत नाहीत.

वाइनची सारीच परिभाषा थोतांड आहे, असा सोयीस्कर निष्कर्ष येथे काढू नये. शिराझला काळ्या मिरीचा वास येतो असे म्हणतात तेव्हा ती कविकल्पना नसते. मिरीत आणि त्या द्राक्षात रोटंडोन हे एकच द्रव्य असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. काबर्ने सोव्हिन्योंमधला ढोबळ्या मिरचीचा वासही असाच, दोहोंतल्या पायराझीन द्रव्याचा. पिंपातून येणारी लवंग ही खरीच लवंगेतल्या युजेनॉलची. १९८४ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे अॅन नोबल यांनी गंधांचे जे चक्र प्रसिद्ध केले, त्यामागचा हेतूच हा होता की, 'रुबाबदार', 'खानदानी' असले शब्द बाजूला सारून ज्याचा नमुना टेबलावर ठेवता येतो असे शब्द वापरावेत. त्या चक्राची नक्कल करणाऱ्यांनी हेतू सोडला आणि फळांची नावे तेवढी उचलली. कॅलिफोर्नियाच्या बाजारात मिळते ते फळ तेथील चक्रात आले. नाशिकच्या बाजारात मिळते ते येथे यावे, हेच त्या पद्धतीचे अनुसरण ठरले असते. सोव्हिन्यों ब्लांमध्ये पेरू आहे. तो शोधायला शब्दकोश लागत नाही.

शब्द अनुभवाला किती वाकवतात, हेही आता प्रयोगांनी दिसले आहे. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिय्य या तिघांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्हाइट वाइनला बेचव लाल रंग दिला, तेव्हा बोर्दो येथील चोपन्न विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. हे विद्यार्थी वाइनशास्त्राचेच होते. अॅड्रिएन लेहरर या भाषाशास्त्रज्ञ स्त्रीने १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, एकाने केलेल्या वर्णनावरून दुसऱ्या सामान्य माणसाला ती वाइन ओळखण्यात फारसे यश येत नाही. तरीही माणसे हौसेने वर्णन करतात, कारण बोलण्यात त्यांना आनंद असतो. लेहररबाईंचा हा निष्कर्ष मला निराशाजनक वाटत नाही. कवितेवरच्या चर्चेचे तरी दुसरे काय होते?

आता सोबतच्या खाण्याकडे. मासळीला व्हाइट, मटणाला रेड, हे कोष्टक एकामागून एक पदार्थ वाढण्याच्या पद्धतीतून आलेले आहे, आणि ती पद्धत फ्रेंच टेबलावरही एकोणिसाव्या शतकातच रुजली. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, उसळ; मध्ये वरणभात. दर घासाला चव बदलते, आणि ती बदलण्याचा अधिकार वाढणाऱ्याला नसून जेवणाऱ्याला असतो. अशा ताटाला 'एका पदार्थाला एक वाइन' हे व्याकरण लावणे म्हणजे मराठी वाक्याला लॅटिनच्या विभक्ती लावणे. 'मिसळीबरोबर कोणती वाइन?' या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मिसळीतला कोणता घास, हे विचारले पाहिजे.

त्यातही काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. 'तिखटाला दमदार रेड हवी' हा सल्ला जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो. मिरचीतले कॅप्सायसिन आणि अल्कोहोल ही दोन्ही तोंडातल्या दाहाच्या एकाच संवेदकाला चेतवतात; तांबड्या रश्शावर चौदा टक्के अल्कोहोलची तुरट शिराझ घेतली तर दोन आगी एकमेकींना हात देतात. तेथे किंचित गोडसर, थंड केलेली, हलकी शेनिन ब्लां चालते. पुरणपोळीबरोबर कोरडी वाइन आंबट लागणारच, कारण गोडापुढे आंबट उघडे पडते; वाइन पोळीहून गोड नसेल तर पाणी बरे, तूप तर आहेच. बटाटेवड्याला फसफसणारी वाइन शोभते, तेल धुऊन नेते म्हणून. माशाला रेड का चालत नाही, याचेही एक कारण २००९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधले : वाइनमधले लोह माशाचा वास मागे ठेवते. लोह सर्व रेडमध्ये सारखे नसते. म्हणजे नियमामागचे कारण कळले की नियम मोडावा कुठे हेही कळते, आणि कोष्टकाने नेमके हेच कधी सांगितले नाही.

गोव्याने हा प्रश्न फार पूर्वी, कोणताही लेख न लिहिता सोडवला. पोर्तुगीजांनी आणलेल्या पदार्थाच्या नावातच वाइन आणि लसूण होती. गोव्यात वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्याने घेतली, मिरची आली, आणि नाव विंदालू झाले. भाषांतर असे करावे.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही येथेच निरोप द्यायला हवा. 'सारे आमच्या षड्रसांत आहेच' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की सहा रसांच्या यादीत गंध नाही, आणि वाइनचा बराचसा संसार घशामागून नाकात चढणाऱ्या गंधावर चालतो. शिवाय संस्कृतातला कटु म्हणजे तिखट, मराठीतला कडू म्हणजे तिक्त. शब्द घरचा आहे एवढ्यावर विसंबले तर येथेही आवळ्याचीच गत होते. नंतर जाणवणाऱ्या चवीसाठी आयुर्वेदातला 'अनुरस' उत्तम आहे, तो जरूर घ्यावा. पण तो पेला समोर ठेवून घ्यावा. माझा भर ग्रंथांपेक्षा चालू बोलीवर आहे. खमंग, खरपूस, करपट, कुबट, आंबूस, मातकट, मिळमिळीत, पाणचट, उग्र : यांतला प्रत्येक शब्द भेद करणारा आहे. 'रुचिरा' १९७० मध्ये आले तेव्हा कमलाबाई ओगल्यांनी वाटी आणि चमचा ही मापे धरली. घरात जे होते त्यानेच मोजले, आणि लाखो घरांना ते कळले.

नाशिकची वाइन बाजारात येऊन आता पाव शतकाहून अधिक काळ झाला. एवढ्या काळात मराठीत करवंदाच्या वासाची वाइन कोणती, यावर दोन माणसांचे भांडण झालेले मी वाचलेले नाही. ते व्हायला हवे. चार-सहा मित्रांनी बाटल्या कागदात गुंडाळाव्यात, किंमत कोणी सांगू नये, आणि बोलण्याआधी प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावे. बोलणे आधी झाले की सर्वांत आत्मविश्वासू माणसाची चव सर्वांची होते. टेबलावर पेल्यांशेजारी पेरूची फोड, जांभूळ, मिरी, लवंग, आमसूल ठेवावे. गूझबेरी आणणाऱ्याने ती सर्वांना खायला द्यावी.

वर्गात वाइन आणता येत नाही, हे उघड आहे. पण कोऱ्या चहाचे तीन पेले आणता येतात : दोन मिनिटे उकळलेला, पाच मिनिटे उकळलेला, दहा मिनिटे उकळलेला. सोबत मिठाचे शेंगदाणे ठेवावेत, आणि पहिल्या पानावर 'छान' हा शब्द लिहायला बंदी असावी.