लेखणी आफ्रिकेची, अभ्यासक्रम वॉशिंग्टनचा

आफ्रिकेतील पत्रकारांना ‘प्रजनन हक्कां’विषयी लिहावयास शिकविणे, हा पाश्चात्त्य संस्थांचा गेल्या काही दशकांतील आवडता उद्योग आहे. कार्यशाळा भरतात, अभ्यासदौरे निघतात, पाठ्यवृत्त्या वाटल्या जातात. वॉशिंग्टनच्या पॉप्युलेशन रेफरन्स ब्युरोने विकसनशील देशांतील महिला पत्रकारांसाठी ‘विमेन्स एडिशन’ हा उपक्रम चालविला. त्यास पैसा लाभला तो अमेरिकी सरकारच्या ‘यूएसएड’चा. बाळंतपणात दगावणारी माता ही पहिल्या पानावरची बातमी आहे, हे कोणी शिकवीत असेल तर त्याचे स्वागतच करावयास हवे. आक्षेप शिक्षणाला नाही. परंतु ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ हा जगाचा रिवाज असताना, पोळी वाढणाऱ्याचीच झडती घ्यावयास हे वर्ग शिकवतील काय?

त्या झडतीत काय सापडते, ते पाहा. १९८४ साली मेक्सिको सिटीतील लोकसंख्या परिषदेत रेगन प्रशासनाने जाहीर केले, की कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून गर्भपाताची सेवा देणाऱ्या वा त्याचा पुरस्कार करणाऱ्या परकीय संस्थांना अमेरिकेची कुटुंबनियोजनाची मदत मिळणार नाही. मग ते काम त्यांनी स्वतःच्या पैशाने केलेले का असेना! क्लिंटन यांनी १९९३ मध्ये हा नियम उठविला, बुश यांनी २००१ मध्ये पुन्हा लादला. ओबामांनी २००९ मध्ये तो काढला, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये अधिक व्यापक करून आणला. बायडेन यांनी २०२१ मध्ये तो रद्द केला आणि २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा जारी केला. भांडण अमेरिकेतील दोन पक्षांचे. दवाखान्यांना टाळी लागली केनियात. २००१ नंतर तेथे बंद पडलेल्या दवाखान्यांत केवळ संततिनियमनाचा सल्ला नव्हे, तर बालकांचे लसीकरणही होत असे.

केनियाच्या जनतेने २०१० साली सार्वमताने स्वीकारलेल्या राज्यघटनेत, मातेचे प्राण वा आरोग्य धोक्यात असल्यास गर्भपाताला मुभा आहे. अमेरिकी नियमात मात्र प्राणसंकटाला अपवाद आहे, आरोग्याला नाही. गर्भपाताविषयी आपले मत काहीही असो; एका देशाच्या राज्यघटनेपेक्षा दुसऱ्या देशाच्या अध्यक्षाची सही वजनदार ठरावी, हे कोणत्या स्वाभिमानी राष्ट्राला मानवेल?

हा विषय आपल्यालाही परका नाही. १९७४ साली किसिंजर यांच्या काळात तयार झालेल्या गोपनीय अहवालात, अमेरिकेच्या सुरक्षेच्या व हितसंबंधांच्या दृष्टीने ज्या तेरा देशांची लोकसंख्यावाढ महत्त्वाची मानली गेली, त्यांत नायजेरिया, इथिओपिया व इजिप्त यांच्यासमवेत भारताचेही नाव होते. पुढे आणीबाणीत आपल्याच सरकारने सक्तीची नसबंदी राबविली, तेव्हा वृत्तपत्रांच्या तोंडाला सेन्सॉरचे कुलूप होते. सत्ता घरच्या शयनगृहात शिरते तेव्हा पत्रकार मुका असेल तर काय होते, हे भारताने भोगले आहे.

म्हणूनच दोष केवळ वॉशिंग्टनवर ढकलून चालणार नाही. २००१ साली अबुजा येथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अर्थसंकल्पाचा किमान १५ टक्के वाटा आरोग्यावर खर्च करण्याचा संकल्प सोडला. बहुतेक देशांना तो सिद्धीस नेता आलेला नाही. परक्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची सवय लागली, की ओंजळ केव्हा मिटेल याचा भरवसा नसतो. २०२५ मध्ये यूएसएडच गुंडाळली गेली, तेव्हा अनेक आरोग्यकेंद्रांना हे कळून चुकले.

आफ्रिकेच्या पत्रकाराने दोन्ही प्रश्न विचारावयास हवेत : परकीय फर्मानाने दवाखाना का बंद पडला? आणि तो चालविण्याची ऐपत आमच्या राजधानीने का कमावली नाही? नैरोबी व मकेरेरे या विद्यापीठांत पत्रकारिता शिकविली जाते. हे धडे तेथे, स्वतःच्या खर्चाने, स्वाहिली वा लुगांडा बोलणाऱ्या मातेला समोर बसवून गिरविले जावेत. उसन्या दौतीतील शाई कधी आटेल, हे देणारा ठरवितो. काय लिहावयाचे, हेही तोच ठरवू लागतो.